हसण्याचा दंड

आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा वैयक्तिक आहे. इतिहास त्यात आहेच, परंतु सुरुवात आमच्या घराच्या ओट्यावरून होते, आणि त्या ओट्यावर घडलेल्या गोष्टीत दोष माझा आहे.

जानेवारी 2021. राज्यभर 14,000 हून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचा हंगाम होता. शनिवार, म्हणजे काष्टीच्या बैलबाजाराचा दिवस. बाजार आटोपून पाहुणेमंडळी ओट्यावर टेकली होती आणि वर्तमानपत्रातील एका बातमीवर गप्पा रंगल्या होत्या. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराने महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला होता; निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला होता आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो पुन्हा ग्राह्य धरायला लावला होता. ओट्यावर जे विनोद झाले ते येथे लिहिण्याजोगे नाहीत.

माझ्या थोरल्या वहिनी उंबऱ्याशी बसून ऐकत होत्या. त्या शेजारच्या गावात राहतात आणि पूर्वी एकदा महिला राखीव प्रभागातून सदस्य झालेल्या आहेत. पहिले वर्षभर सभेत त्यांना कोणी बोलू दिले नव्हते, हे मला ठाऊक होते. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊजी, एक विचारू? ही जागा आम्हांला कशापायी मिळाली? बाई म्हणून वाढताना जे सोसलं त्याच्यापायीच ना? मग जी लहानपणापासून बाई म्हणून वाढली नाही, तिला ती मिळावी का? मी वाईट मनानं विचारत नाही.”

मी इतिहासाचा मास्तर. पुरोगामी म्हणून पंचक्रोशीत थोडेबहुत नाव. मी उत्तर दिले, “काय वहिनी, खुर्ची जाईल म्हणून भ्या वाटतंय का?” सगळे खो खो हसले. वहिनी चहा ठेवायला म्हणून आत गेल्या. त्या विषयावर त्यांनी पुढे चार वर्षे माझ्याशी एक शब्दही काढला नाही.

त्याच संध्याकाळी मी वर्गासाठी ताराबाई शिंदे यांच्यावरचे टिपण काढत बसलो होतो, हा योगायोग मला आजही टोचतो.

1881 साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने ‘पुणेवैभव’सारख्या पत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या चालचलनावर ताशेरे झोडण्याचा सपाटा सुरू झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून 1882 मध्ये पुण्यात ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापले. प्रती अवघ्या पाचशे. स्त्रीच्या माथी मारलेले एकेक दुर्गुण घेऊन ते पुरुषांत किती भरले आहेत, हे त्यांनी असे खणखणीत दाखवून दिले की आजही वाचताना पुरुष वाचकाची मान खाली जाते.

या पुस्तकावर सरकारने खटला भरला नाही, त्याच्या प्रती जप्त केल्या नाहीत. पुस्तकाची हेटाळणी झाली, एवढेच. आणि हेटाळणी करणाऱ्यांत केवळ सनातनी नव्हते. सत्यशोधक चळवळीतले, खुद्द जोतीरावांचे सहकारी कृष्णराव भालेकरही होते. जोतीरावांनी 1885 साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेऊन आपल्याच माणसाची कानउघाडणी केली. पाठराखण झाली खरी, परंतु ताराबाईंचे दुसरे पुस्तक काही निघाले नाही. हे पुस्तकही विस्मृतीत गेले, ते 1975 साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले तेव्हा मराठी वाचकांपुढे आले. मध्ये नव्वदहून अधिक वर्षे गेली.

वर्गात हा भाग शिकवताना मी इतकी वर्षे स्वतःला नकळत जोतीरावांच्या बाजूला उभा करीत आलो होतो. भालेकरांच्या जागी कोण उभे असते, हे त्या शनिवारी समजले.

आता दुसरे प्रकरण पाहू, कारण त्याची तुलना उद्बोधक आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. संततिनियमनाचा प्रचार केल्यापायी प्राध्यापकाची नोकरी त्यांनी आधीच गमावली होती. मासिकात ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. हे प्रश्न नवरा बायकोला, मुलगा बापाला किंवा रोगी डॉक्टरलाही विचारू धजत नसे. 1931 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. 1934 मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप होता तो हस्तमैथुन व समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांवर आणि त्यांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांची वकिली करायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही. प्रश्न वाचकांचे आहेत, ते खरे आहेत, आणि मासिक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्याच विषयाचे आहेत. मग त्यांना उत्तर का देऊ नये? गोलमेज परिषदा, पुणे करार, येवल्याची घोषणा या साऱ्यांच्या मधल्या काळात, स्वतःच्या चळवळीला काडीचाही लाभ नसलेला हा खटला त्यांनी घेतला. ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आणि मासिक चालूच राहिले. 1953 साली कर्वे गेले तोवर, सव्वीस वर्षे. दंड भरायचा, पदरमोड करायची, पुढचा अंक काढायचा. न्यायालयाने दोनदा दोषी ठरविलेला माणूस लिहीत राहिला. जिला कोणत्याही न्यायालयाने कधी बोलावले नाही, ती लेखिका मात्र थांबली. कर्वे पुरुष होते, मुंबईत होते, छापखान्याच्या व्यवहारात मुरलेले होते, हा फरक मी विसरत नाही. तरीही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार करताना आपण कलमे आणि खटले मोजतो. ओट्यावरचे हसणे कोणाच्या हिशेबात येत नाही.

भादलीच्या बातमीकडे परत येतो. तो निकाल त्या दिवशी आमच्यापैकी कोणीच वाचला नव्हता. मी तो पुढे वाचला. न्या. रवींद्र घुगे यांनी 2 जानेवारी 2021 रोजी दिलेल्या या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा निकालाचा आणि 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती अधिनियमाचा आधार होता: आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा. परंतु वहिनींची शंका न्यायालयाने उडवून लावली नव्हती. आपण स्त्री ही ओळख स्वीकारली आहे आणि पुढे केवळ संधीसाठी पुरुष म्हणून वावरणार नाही, हे उमेदवाराचे निवेदन आदेशात नोंदलेले आहे. म्हणजे राखीव जागेचा गैरफायदा घेतला जाऊ नये ही काळजी न्यायासनालाही होती. अंजली पाटील पुढे निवडूनही आल्या.

हाच प्रश्न सातासमुद्रापार उलट दिशेने सुटला. स्कॉटलंडने 2018 मध्ये सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात असा कायदा केला. त्या ‘स्त्रिया’ कोण, यावरून स्त्रियांची एक संघटना न्यायालयात गेली आणि 16 एप्रिल 2025 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समता कायद्यापुरता ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगावरून घ्यावा, असा निर्णय दिला. ज्या मताला हा निकाल अनुकूल ठरला, तेच मत जाहीरपणे मांडल्यावर माया फोरस्टेटर या बाईंचा करार पूर्वी पुढे चालू ठेवला गेला नव्हता. 2021 मध्ये तेथील अपील लवादाने त्यांच्या मताला कायद्याचे संरक्षण आहे असे ठरविले, आणि या संरक्षणाने कोणाला त्रास देण्याची मोकळीक मिळत नाही, असेही त्याच निकालात बजावले. मला स्वतःला आपल्याकडचा निकाल अधिक पटतो. पण वहिनींचा प्रश्न अडाणी नव्हता, हे कबूल करायला मला लंडनच्या न्यायाधीशांची साक्ष लागावी, ही माझी शोभा.

राहिली तिसरी बाजू, जिच्याविषयी आम्ही सारे बोलत होतो आणि जिच्याशी कोणीच बोलले नव्हते. कोरोनाच्या लाटा ओसरल्यावर बाजार पुन्हा भरू लागला. दौंडकडून काही तृतीयपंथी रेल्वेने येतात आणि व्यापाऱ्यांकडून पैसे घेतात. या पैशाला इतिहास आहे. मराठेशाहीत दख्खनमधील काही हिजड्यांना इनाम जमिनी आणि गावोगाव पैसा मागण्याचा हक्क सनदेने मिळालेला होता. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने हे हक्क मोडीत काढले. लॉरेन्स प्रेस्टन या इतिहासकाराने 1987 मध्ये त्यावर निबंध लिहिला आहे. ज्याला आज आपण भीक म्हणतो तो एके काळी दप्तरी नोंदलेला हक्क होता, एवढे ध्यानात असू द्यावे.

त्यांच्यातील एक वयस्क व्यक्ती चहाच्या टपरीवर माझ्या शेजारी येऊन बसली. काय म्हणून हाक मारावी या विचाराने मी चाचरलो. “मावशी म्हणा गुरुजी, सगळे म्हणतात,” असे त्यांनीच सांगून टाकले. मी भादलीचा विषय काढला. त्यांना तो माहीत होता, माझ्यापेक्षा तपशिलाने. निवडणूक लढवायची हौस त्यांना नव्हती. त्यांची अडचण निराळी होती. मतदार यादीत ‘इतर’ हा पर्याय 2009 मध्येच आला. “कार्डावर इतर लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “पण केंद्रावर रांगा दोनच. बायांच्या रांगेत उभी राहिले तर बाया सरकतात, गड्यांच्या रांगेत गडी चिमटे काढतात. मी दुपारी जाते. उन्हात रांग नसते.”

मतदानाचा हक्क उन्हाच्या वेळेवर अवलंबून असलेली व्यक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती. म्हणजे पाहिली होती, विचारले नव्हते.

यंदा दिवाळीला वहिनी घरी आल्या तेव्हा मी ओट्यावरच्या त्या उत्तराबद्दल माफी मागितली. “अजून ध्यानात आहे होय तुमच्या?” एवढेच त्या म्हणाल्या. मग मी निकालाचा मजकूर मराठीत करून त्यांना वाचून दाखविला. संधीसाठी ओळख बदलणार नाही या निवेदनाशी त्यांनी मला थांबविले. “हे बरंय. पक्ष बदलणाऱ्यांकडून असं कोणी लिहून घेतं का?” या वेळी हसलो तो त्यांच्याबरोबर.

मात्र मूळ प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. बाई म्हणून वाढणे आणि बाई म्हणून जगायचे ठरविणे या दोन्हींना एकाच जागेत बसवावे का, हे त्यांना अजून पटायचे आहे. मी दौंडच्या मावशींची रांगेची हकीकत सांगितली. वहिनी बराच वेळ गप्प राहिल्या. पंचायतीच्या पहिल्या सभेत त्या आत शिरल्या तेव्हा बाकावरचे सदस्य असेच सरकले होते, ते आठवले असावे.

“त्या मावशींना एकदा शनिवारी घरी बोलवा,” त्या शेवटी म्हणाल्या. “मला जे विचारायचंय ते त्यांनाच विचारीन. राग आला तर त्या मला सांगतील. आणि भाऊजी, त्या दिवशी तुम्ही आपले बाजारात थांबा.”