नखी तिरकी पडतेय

प्रिय अण्णा,

रविवारी फोनवर तुम्हाला बँजो ऐकवला. "मिरवणुकीत वाजवतात तो का गं?" तुम्ही विचारलंत. नाही हो, तो बटणांचा. हा पाच तारांचा, डफाला मान बसवल्यासारखा. तीन महिने, मुलगा झोपल्यावर, घोटून बसवलेली चाल होती ती. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, खाकरलात आणि म्हणालात, "नखी तिरकी पडतेय."

एवढंच? नॉर्थ कॅरोलिनापासून मिरजेपर्यंत अर्धं जग ओलांडून सूर पोचला, आणि तुम्हाला ऐकू काय आली, तर नखी!

राग आला. जुनाच राग तो, आठवीच्या सुट्टीतला. बाहेर पोरी लगोरी खेळत होत्या आणि तुम्ही मला सतारीच्या एकाच तारेवर दा-रा, दा-रा करायला बसवलं होतं. महिनाभर. एक गत शिकवली नाहीत. जूनमध्ये मी सतारीला खोळ घातली ती घातलीच. तेव्हा काहीच का नाही बोललात?

फोन ठेवला आणि आरशासमोर बसले. इथे अंगठ्यात प्लास्टिकची नखी, पुढच्या दोन बोटांत पत्र्याच्या. पातं तारेला सपाट भिडलं तर सूर टपोरा निघतो, कडेनं घासलं तर आधी 'खर्र' आणि मागून सूर. तो 'खर्र' मला कधी ऐकूच आला नव्हता. मी वेग ऐकत होते. मनगट जरा उचललं, नखी बोटावर केसभर फिरवली, आणि अण्णा, तीच तार निराळी बोलली!

आता करंगळी आणि अनामिका पुड्यावर टेकवून ठेवते, म्हणजे हात तरंगत नाही. घोडीजवळ वाजवलं की सूर कडक, मानेकडे सरकलं की गोल. घोडी चिकटवलेलीच नसते, तारांच्या दाबावर उभी राहते. पुडा सैल पडला की सगळंच बद्द वाजतं. आणि पाचवी तार? आखूड, खुंटी मानेच्या अधेमधे. तुमची चिकारीच की! माझा अंगठा तिच्यावर असा आपटायचा की चाल बुडून जायची. "चिकारीनं बोलावं, ओरडू नये," हे कुणाला सांगायचात, आठवतं?

अर्ल स्क्रग्ज याच राज्यातला. १९४५ मध्ये तो बिल मन्रोच्या बँडमध्ये आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वादनानं बँजोचा रंगच बदलला. त्याची रेकॉर्डिंगं मी हल्ली संथ करून ऐकते. एवढ्या वेगात एकेक सूर सुटा, लाह्या फुटाव्यात तसा. मी बोटं पळवायला गेले होते, त्याच्या बोटांखालचा एकेक आघात ऐकायचा राहूनच गेला.

आता रोज दहा मिनिटं एकच तार, एकच बोट. काल मुलगा कंटाळून म्हणाला, "आई, गाणं कधी वाजवणार?" मी काय म्हटलं असेल, ओळखा. म्हटल्यावर माझंच मला हसू आलं, आणि मग तुमची फार आठवण आली. तरी एक सांगते अण्णा, त्या सुट्टीत एखादी गत शिकवली असतीत, तर खोळ कदाचित पडली नसती.

माळ्यावरची सतार खाली काढून ठेवा. दिवाळीत येतेय. आणि या रविवारी चाल वाजवणार नाही, फक्त तिसरी तार छेडेन. नखी सरळ पडते का, तेवढं सांगा.

तुमची,
ताई