भूमीची फिरती

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम कोणास चुकत नाही. महाराष्ट्राबाहेर नेमणूक झालेली आमच्यासारखी मंडळी दर तीन-चार वर्षांनी भांडीकुंडी पेट्यांत भरतात, नव्या बंगल्याच्या परसात तुळस लावतात आणि चहाच्या वेळी सह्याद्रीची आठवण काढतात. आम्ही हललो तरी आमचा कातळ जागचा हलत नाही, असा दिलासा आम्ही एकमेकांस देत असतो. भूशास्त्र मात्र या दिलाशाला जामीन राहत नाही.

सह्याद्री ज्या लाव्हारसाचा घडला, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. थिजताना त्यातील लोहकणांनी तेथील चुंबकक्षेत्राचा कल आपल्यात गोठवून घेतला. हा कल विषुववृत्तापासूनच्या अंतराप्रमाणे बदलत असल्यामुळे त्यावरून दगडाचे जन्मस्थान काढता येते. १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांची अशी तपासणी झाली, तेव्हा ते स्थान विषुववृत्ताच्या दक्षिणेस निघाले! ते लोहकण म्हणजे सह्याद्रीची सेवापुस्तिकाच. नेमणुकीचे पहिले ठिकाण तीत बिनचूक नोंदलेले आहे.

खंडे सरकतात, हे आल्फ्रेड वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्येच सांगितले होते; परंतु ती कोणत्या बळाने सरकतात, हे त्यास पटवून देता आले नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात तो मरण पावला. १९६० च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास झाला आणि पृथ्वीचे कवच अनेक भूपट्टांचे बनले आहे, हे सर्वमान्य झाले. आमचा भूपट्ट पूर्वी ज्या दक्षिणी महाखंडाचा भाग होता, त्याचे नाव गोंडवन. ते गोंडांच्या मुलखावरूनच पडले. चांद्याचा कोळसा त्याच महाखंडावरील वनांचा. तेथून फुटून निघालेला हा भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियास भिडला. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याचा गाळ चुरगळून वर उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. नेपाळातील गंडकीतून आलेला जो शाळिग्राम आम्ही गावोगावी देव्हाऱ्यात नेतो, त्यात त्या समुद्रातील जीवांचे अवशेष आहेत.

ही फिरती अजून संपलेली नाही. भारत आजही वर्षास सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि त्यांपैकी सुमारे २ सेंटिमीटरांचा रेटा हिमालय सोसतो. खालचा खडक अडून बसतो, ताण साचत जातो आणि एके दिवशी सारी थकबाकी एकदम वसूल होते. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगडा खोऱ्यात ती झाली, तेव्हा सुमारे २०,००० माणसे गेली. या रेट्याचा ताण भूपट्टाच्या पोटातही पोहोचतो. सीमेपासून इतक्या दूर असलेल्या किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो माणसे मेली, ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. भूकंपापेक्षा घरानेच त्यांचा घात केला.

येथे आम्हां अधिकाऱ्यांचा संबंध येतो. भूपट्ट आमच्या हुकुमाने थांबणार नाही. पण शाळेच्या भिंतीत आडवे पट्टे घातले आहेत काय, कोपरे नीट बांधले आहेत काय, एवढे विचारणे आमच्या हाती आहे. हिमाचलातील जुन्या गवंड्यांनी दगडांच्या थरांत देवदाराच्या तुळया घालून हादरा सोसणारी घरे उभारली, ती कोणत्याही परिपत्रकावाचून. नकाशावर सही करताना घाई करण्याचा मोह आम्हांसही होतो. दोन वर्षांत आपण येथे नसणार, हे ठाऊक असते. पण आमची बदली झाली तरी ती शाळा तेथेच राहते, तीत मुले बसतात, आणि खालची भूमी आपल्या फिरतीवर असते.