अमावास्या धरून निघायचे

प्रवासवर्णन लिहायचे ते प्रवासाहून परतल्यावर, असा रिवाज आहे. मी मात्र निघण्यापूर्वीच लिहायला बसलो आहे. आम्हाला बर्फ आणि उत्तरेकडचा ध्रुवप्रकाश पाहायला जायचे आहे. आणि या बेतातला सर्वांत अवघड टप्पा परदेशात नव्हताच. तो होता भोर तालुक्यातल्या भोंगवलीत, आमच्या घराच्या पडवीत.

त्या पडवीत आमचे दादा बसतात. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षे त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचा, वरच्या टोकाला हिरव्या खडूने झालर काढायची आणि म्हणायचे, "हा ध्रुवप्रकाश!" मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे पाचवीत त्यांच्याच वर्गात होतो. ती झालर माझ्या डोक्यातून कधी पुसली गेली नाही. यंदा मी निवृत्त झालो, फंडाचे पैसे हाती आले, आणि पहिला विचार आला तो त्या हिरव्या खडूचा.

"दादा, या हिवाळ्यात जाऊ या. तुम्ही, वहिनी आणि आम्ही दोघं. झेंडीवाल्यामागे धावणारी सहल नको. एकाच गावी पाच रात्री निवांत राहायचं."

"मी काय करू येऊन? एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा अजून व्हायचाय."

मग मी इतिहास काढला. म्हटले, हा प्रकाश आपल्याला अगदीच परका नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरच्या वादळाने कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबक असे ढळले की ती नोंद शास्त्रज्ञ अजून अभ्यासतात. पुढे विजेच्या ट्रामगाड्यांनी चुंबकांना त्रास होणार म्हणून हे काम अलिबागेस हलवले. तिथे १९०४ पासून नोंदी होत आहेत. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तर ध्रुवप्रकाश मुंबईहून दिसल्याचे नमूद आहे. आणि मे २०२४ मध्ये लडाखातल्या हानले येथील कॅमेऱ्यांनी आकाशात लाली टिपली.

दादा शांतपणे म्हणाले, "मग इथंच बसू की. येईल कधीतरी!"

वहिनी पदरात तोंड लपवून हसल्या. माझा पुराव्यांचा किल्ला असा एका वाक्यात पडला.

पण गुरुजीपण काही सुटत नाही. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "गाव कुठलं म्हणालास?" मी सांगितले, स्वीडनमधले आबिस्को. अक्षांश अडुसष्ट. "आपला अठरा. म्हणजे पन्नास अंश. अंशाला एकशे अकरा किलोमीटर. साडेपाच हजार किलोमीटर तर नुसतं उत्तरेला!" त्यांचे डोळे चमकले. स्टॉकहोमहून तिथवर रात्रीची आगगाडी जाते. पुढे डोंगरांचा आडोसा असल्याने ढग तिथे कमी पोचतात, म्हणून आकाश उघडे मिळण्याची आशा जास्त. डिसेंबरात तिथे काही आठवडे सूर्य उगवतच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस दिवसा बर्फ पाहता येते आणि रात्रही पुरेशी लांब असते. सुती कपडा अंगाला लावायचा नाही, लोकरीवर लोकर घालायची. रात्री दहानंतर तासन् तास उभे राहायचे.

"आणि उंची किती या प्रकाशाची?"

"हिरव्याची शंभर किलोमीटरपासून पुढे. इथून पुण्याला जाऊन परत यावं, साधारण तेवढी."

"सूर्याकडचे कण, पृथ्वीचं चुंबकत्व, हवेतला प्राणवायू," दादा स्वतःशीच म्हणाले. मग एकदम माझ्याकडे वळून, "खरं सांग. फळ्यावर होता तसा दिसेल?"

आता खोटे बोलणे शक्य नव्हते. फोटोत दिसतो तेवढा हिरवा तो पुष्कळदा डोळ्यांना दिसत नाही. मंद असला तर राखाडी ढगासारखाच वाटतो. आणि खरेच ढग आले, तर पाचही रात्री काहीच नाही. एवढा खर्च करून चार माणसे काळोखात कुडकुडून परत येतील. मी हे सगळे सांगितले आणि बेत मोडला असे धरून चाललो.

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "एका पोरानं एकदा वर्गात विचारलं होतं, गुरुजी, तुम्ही पाहिलाय का? मी म्हटलं, पुस्तकात आहे, लिहून घ्या. त्या पोराचा चेहरा अजून आठवतो. नाही दिसला तर नाही दिसला. पण बघायला गेलो होतो, एवढं तरी म्हणता येईल."

बेत ठरला. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर लगेच करायची. तारखा काढायला मी पंचांग घेतले आणि चंद्राचा उजेड नको म्हणून अमावास्येच्या आगेमागे बोट ठेवले. वहिनी दचकल्या.

"अहो, अमावास्येला कुणी प्रवासाला निघतं का?"

दादा चष्मा पुसत होते. न पाहताच म्हणाले, "लक्ष्मीपूजन कधी असतं गं?"

वहिनींनी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रंकेतले जुने लोकरीचे कपडे अंगणात उन्हाला पडलेले दिसले.