मांडीला पट्टा बांधून केलेला व्यायाम

पावसात स्कूटर घसरली आणि उजव्या गुडघ्यातला एसीएल, म्हणजे आतला लिगामेंट, तुटला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, तीही नीट. त्रास पुढे सुरू झाला. ब्रेस काढला की उजवी मांडी डावीपेक्षा उघड बारीक दिसायची. जिना उतरताना कठडा सोडवत नसे. वजन लावून व्यायाम केला की संध्याकाळी गुडघा टम्म सुजायचा. मग बर्फ, विश्रांती, परत तेच. मांडी काही भरेना.

तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताईंनी बीएफआर सुचवलं. मांडीच्या अगदी वर हवेचा रुंद पट्टा बांधायचा, रक्तप्रवाह कमी करायचा आणि हलका व्यायाम करायचा. जपानमध्ये योशिआकी सातो यांनी ही पद्धत ‘कात्सू’ नावाने रुजवली. एरवी ताकद वाढवायला आपल्याला कसंबसं एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास लागतं. इथे २० ते ३० टक्के पुरतं, कारण ऑक्सिजन कमी पडल्याने स्नायू लवकर थकतो.

ताईंनी आधी बरंच विचारलं. पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का? रक्तदाब? व्हेरिकोज व्हेन्स? गोळ्या कुठल्या चालू? पोटरी दाबून पाहिली, सर्जनना फोन केला. मग घोट्याशी जेल लावून डॉपलर टेकवला. नाडीचा सूं-सूं आवाज येत होता. पट्ट्यात हवा भरत गेल्या, आवाज थांबला, तो आकडा लिहिला. व्यायामाला दाब ठेवला त्याच्या ६० टक्के.

झोपून पाय सरळ उचलायचा. पहिल्यांदा ३० वेळा, मग १५-१५ च्या तीन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद थांबायचं. दुसऱ्याच फेरीत मांडी पेटली. डोळ्यांत पाणी आलं, मी भिंतीकडे तोंड केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नव्हता. किती हायसं वाटलं!

ओळखीतल्या एकाने सांगितलं, घरीच इलॅस्टिक आवळून कर. ताईंनी साफ नाही म्हटलं. दाब मोजल्याशिवाय आवळलं तर नसेला इजा होऊ शकते. मुंग्या आल्या, पाय बधिर झाला किंवा पांढरा पडला तर पट्टा तिथल्या तिथे सोडायचा. नंतर पोटरी दुखून सुजली तर थेट डॉक्टर. धाप लागली तर एक मिनिटही घरी थांबायचं नाही.

मांडी हळूहळू भरली. आता पट्टा बंद आहे, वजनं नेहमीची. धावायला मात्र सर्जननी अजून मनाई केली आहे.