भंडारदऱ्याचे काजवे

परदेशी स्थायिक झालेल्या मुलांच्या फोनवर हिवाळ्यात एक वार्ता हमखास असते : पहिला बर्फ पडला. एरवी नोकरीत गुरफटलेली चाळिशीची माणसे त्या दिवशी अंगणात उतरतात, तळहातावर हिमकण झेलतात, लेकरांसोबत बर्फाचे गोळे करतात. नगरच्या कोरड्या मातीत वाढलेल्या माणसाला त्या शुभ्र वर्षावाचे अप्रूप अधिकच वाटते. आकाशातून काहीतरी निःशब्दपणे उतरते आणि मनातले मूल जागे होते.

असाच एक निःशब्द वर्षाव अहिल्यानगर जिल्ह्यातही दरवर्षी होतो. त्यासाठी सातासमुद्रापार जावे लागत नाही. संगमनेर, अकोले, राजूर असे पश्चिमेकडे गेले की पुरे. उसाचे मळे मागे पडतात, सह्याद्रीच्या रांगा जवळ येतात आणि प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदरा धरण दिसू लागते. उत्तरेस महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर. जलाशयाच्या काठाने रतनवाडीच्या प्राचीन अमृतेश्वर मंदिराकडे व घाटघरकडे जाणाऱ्या वाटांवर हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांची दाट झाडी आहे. मे महिन्याच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस दाराशी आलेला असताना, हीच झाडे रात्री काजव्यांनी लखलखतात.

प्रथम गवतात एखादा ठिपका चमकतो. मग दुसरा, दहावा, शंभरावा. पाहता पाहता सारे झाड उजळते, क्षणात विझते आणि पुन्हा उजळते, जणू झाडच श्वास घेत आहे. शेजारचे झाड त्याच लयीत साथ देते. पाहणारी आजी आणि तिची नात दोघींच्या तोंडून एकच उद्गार निघतो.

शास्त्र सांगते की काजव्याच्या पोटाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफेरेज या विकराच्या साहाय्याने प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे नर-मादीचा संवाद होय, आणि प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी असते. अळीच्या रूपात दीर्घ काळ ओलसर मातीत काढल्यावर या जिवाला प्रौढपणाचे जेमतेम काही आठवडे लाभतात.

डोंगरातील शेतकऱ्यांसाठी काजवे हे पावसाचे दूत आहेत. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालेला असतो आणि डोळे आभाळाकडे लागलेले असतात. झाडे चमकू लागली की पाऊस जवळ आला, ही त्यांची श्रद्धा. या डोंगरांत पडलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून व कालव्यांतून संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांपर्यंत पोहोचते, म्हणून हा भरवसा साऱ्या खोऱ्याचा आहे.

परंतु ही दिवाळी नाजूक आहे. गाड्यांच्या प्रखर दिव्यांत आणि मोबाइलच्या झगझगाटात काजव्यांना एकमेकांचे संकेत दिसेनासे होतात. जमिनीलगत गवतात असलेल्या माद्या व अळ्या गर्दीच्या पायांखाली चिरडल्या जातात. हौसेने बाटलीत कोंडलेला काजवा सकाळपर्यंत जगेलच असे नाही. पावसाळ्यात भूमीवर असंख्य जीव उपजतात, म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात विहार थांबवून एका ठिकाणी राहतात. तीच दृष्टी येथे गृहस्थाने रात्रभरापुरती स्वीकारावी. वाहन दूर उभे करावे, दिवे मालवावेत, रुळलेली वाट सोडून गवतात उतरू नये, मोठ्याने बोलू नये आणि वन विभागाच्या सूचना पाळाव्यात. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबांना तर ही यात्रा विशेष सोयीची : जेवण आटोपते आणि समोर संपूर्ण रात्र मोकळी असते.

डोळे अंधाराला सरावायला थोडा वेळ लागतो. तेवढे थांबण्याचा धीर मुलांना आधी शिकवावा; पुढचे काजवेच शिकवतात.

मृगाच्या जोरदार सरी सुरू झाल्या की हा सोहळा ओसरतो. अंडी मातीत राहतात, वर धुके उतरते, ओढे वाहू लागतात. ती माती ज्यांनी तुडवली नाही, त्यांच्या नातवंडांसाठी ही झाडे पुन्हा उजळतील.