न फिरलेला टॅपेट

वस्तू लहान असली म्हणजे तिच्याबाबत केलेली हयगयही लहानच ठरते, अशी आमची एके काळी समजूत होती. ती समजूत २००६ साली, फ्लोरिडातील मायामी शहरी, एका शनिवारच्या सायंकाळी मोडली.

शर्यतीच्या नौकांची इंजिने बांधणाऱ्या एका कारखान्यात आम्ही तेव्हा काम करीत होतो. आमचे वडील कारागीर क्यूबाहून आलेले, मितभाषी गृहस्थ होते. ते म्हणत, मोटारीला उतार लाभतो, तेथे तिचे इंजिन विसावा घेते. पाण्यात उतार नाही. पंख्याचा भार नौकेच्या इंजिनावर अखंड असतो, म्हणून बांधणीतील चूक तेथे फार लवकर उघडी पडते.

आठ सिलिंडरांच्या त्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह लिफ्टर असतात. आपल्याकडील मिस्त्री त्यांना टॅपेट म्हणतात. कॅमशाफ्ट वळू लागला की त्याचे उंचवटे टॅपेटांना उचलतात आणि त्या हालचालीने अखेर व्हॉल्व्ह उघडतात. जुन्या घडणीच्या टॅपेटाचे बूड डोळ्यांना सपाट दिसते. वस्तुतः त्यास अतिसूक्ष्म फुगवटा असतो, आणि कॅमचा उंचवटाही एका अंगास किंचित उतरता घासलेला असतो. या योजनेमुळे टॅपेट वरखाली होता होता स्वतःभोवतीही फिरत राहतो आणि झीज साऱ्या बुडावर वाटली जाते. तो फिरला नाही, तर एकाच जागी घर्षण होऊन काही मिनिटांतच लोखंड लोखंडाला खाऊ लागते.

म्हणून नियम कडक असत. नव्या कॅमशाफ्टला नवेच टॅपेट. जुने वापरायचे तर जुन्याच कॅमशाफ्टवर, ज्याचे त्याच उंचवट्यावर. टॅपेट आणि त्याचे बोअर यांत सुमारे ०.००१५ ते ०.००२ इंचाचे अंतर. बुडाला खास वंगणाचा लेप. तेलही जस्त व फॉस्फरसयुक्त द्रव्य पुरेसे असलेले. कारण मोटारींच्या धूरशोधक यंत्राला अपाय होऊ नये म्हणून नव्या तेलांतील त्याचे प्रमाण घटविण्यात आले आहे. इंजिन प्रथम सुरू झाले की वीस ते तीस मिनिटे ते दोन हजार फेऱ्यांच्या वरच ठेवावयाचे. कारण कॅमवर तेल उडते ते मुख्यतः क्रँकशाफ्टच्या वेगाने. आणि सर्वांत सोपी कसोटी ही, की तेल लावलेला टॅपेट बोअरच्या तोंडाशी धरून सोडला, तर तो आपल्याच भाराने खाली उतरला पाहिजे व बोटाने सहज फिरला पाहिजे.

त्या शनिवारी पंधरा टॅपेट तसे उतरले, सोळावा अडला. जुना टॅपेट राळेसारख्या मळात रुतला असता आम्हीच तो हिसक्याने ओढून काढला होता, आणि त्या हिसक्याने बोअरला ओरखडा पडून एक कंगोरा उठला होता. तो हलकेच घासून काढण्यास अर्धा तास पुरे होता. परंतु दिवस मावळत होता. “चालू लागल्यावर सैल होईल,” असे मनाशी म्हणून आम्ही तो अंगठ्याने दाबून बसविला.

इंजिन सुरू होऊन दहा मिनिटे होतात न होतात तोच टकटक ऐकू आली. ते बंद करण्यात आले. तेल भरले होते एका उमेदवार मुलाने. त्याने साधे तेल ओतले असावे, असा संशय मालकांनी सर्वांसमक्ष बोलून दाखविला. मुलगा पांढरा पडला. आम्ही मात्र हात पुसत उभे राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिस्साला गेलो. अर्पणाची वेळ आली, तेव्हा वेदीकडे पाहवेना. आधी भावाशी समेट, मग अर्पण, ही प्रभूची आज्ञा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी ती प्रथमच आम्हाला उद्देशून आहे असे वाटले.

सोमवारी इंजिन उघडण्यापूर्वी आम्ही सर्व सांगितले. वडील कारागिरांनी काही न बोलता तो टॅपेट काढून आमच्या हातावर ठेवला. इतर पंधरांच्या बुडांवर गोल, सारखी झळाळी होती. याच्या बुडाला एकीकडे खोल खाच पडली होती, आणि कॅमचा उंचवटा बसला होता. लोखंडाचा चुरा तेलाबरोबर बेअरिंगांपर्यंत गेला होता. सारे इंजिन पुन्हा खोलावे लागले. कॅमशाफ्ट नवा, सोळाही टॅपेट नवे. खर्चाचा काही भाग आमच्या वेतनातून कापला गेला, तो योग्यच होता.

मुलाची आम्ही क्षमा मागितली. तो “ठीक आहे” म्हणाला. परंतु पुढे कित्येक दिवस तो दुपारच्या जेवणास आमच्या मेजावर बसला नाही. पापाची क्षमा होते, पण गमावलेला विश्वास पुन्हा मिळवावा लागतो, हे त्या रिकाम्या खुर्चीने आम्हाला शिकविले.

आमची कितीतरी मुले आज जहाजांवर आणि कारखान्यांत राबत आहेत. त्यांना आमचे सांगणे इतकेच : जे अडते ते दाबून बसवू नका. आम्ही अजूनही एखादी गोष्ट जागेवर बसविताना, मग तो यंत्राचा भाग असो वा घरातील एखादा निर्णय, हात क्षणभर सैल करतो, आणि ती आपल्या भाराने उतरते की नाही, ते पाहतो.