अखत्यारातला काळ

मूल आपल्या मनातले जे सांगते ते विचारल्या वेळी सांगत नाही, आणि ज्या वेळी सांगते ती वेळ बहुधा कचेरी सुटण्याच्या पुष्कळ आधीची असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला, मी मुद्रितशोधनाची कायम नोकरी सोडून तेच काम पृष्ठाप्रमाणे दर ठरवून घरी का करू लागले, हे निराळे सांगावयास नको. शाळेतून आल्यावर बुटांच्या नाड्या सोडता सोडता माझा मुलगा वर्गातले भांडण, बाईंची शाबासकी आणि क्वचित आठवडाभर दडवून ठेवलेले एखादे दुःख एका दमात सांगून टाकतो. तेच सायंकाळी सातला विचारावे, तर ‘काही नाही’ एवढेच उत्तर मिळते.

या व्यवसायाने मला अधिक वेळ दिला असे मी म्हणणार नाही. तास तेवढेच राहिले, त्यांचा क्रम लावण्याचा अखत्यार तेवढा माझ्याकडे आला. दुपार मुलाची झाली म्हणून रात्र मुद्रितांची झाली. घर निजल्यावर चुकलेली ऱ्हस्व-दीर्घे आणि निसटलेले अनुस्वार यांवर लाल शाईच्या खुणा करीत बसावे, आणि मुदतीच्या आत कागद रवाना करावेत. मुलाला ताप आला तर रजेचा अर्ज कोणापुढे ठेवावा लागत नाही, परंतु त्या दिवसाचा मेहनताना बुडतो आणि मुदतही तहकूब होत नाही. बिल चुकते होते ते 10 टक्के करकपात होऊन, आणि तोवर तगादा लावण्याचे कामही आपलेच.

कायद्याने मातृत्वाची दखल घेतली नाही असे नव्हे. 1961 च्या मातृत्व लाभ अधिनियमात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, आणि 50 वा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेने पाळणाघराची तजवीज करावी, मातेला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, असेही ठरले. याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. तथापि या तरतुदींचा पाया मालक-नोकर हे नाते आहे, आणि जिचे नाव कोणाच्याच हजेरीपटावर नाही तिचा हक्क त्या रजेपर्यंत पोचत नाही.

त्याहून मला सलते ते हे की, नोकरी सोडावयाची वेळ आली म्हणजे ती आईनेच सोडावी, हे बहुतेक घरांत चर्चेवाचून ठरलेले असते, आणि मग ‘तू तर घरीच असतेस’ या आधारावर गॅसच्या सिलिंडरपासून बँकेच्या खेपेपर्यंत सारे तिच्याच दुपारीत येऊन पडते. आमच्या घरी आता शनिवारचे जेवण, अभ्यास आणि खेळ यजमानांकडे असतात, मी दार लावून कामाला बसते. इतर दिवशीही ते हे आनंदाने करतील. पण नोकरीतून तशी सवड मिळत नाही, आणि कायदाही बापाचा फारसा विचार करीत नाही: मूल जन्मल्यावर केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला निदान 15 दिवसांची पितृत्व रजा आहे, त्यांच्यासारख्या खाजगी नोकराला कायद्याने तेवढीही नाही.